शिडी घेऊन एक माणूस पाठविण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य पर्यवेक्षक,
बँक पर्यवेक्षण विभाग,
मध्यवर्ती कार्यालय, चौथा मजला.

अर्जदार : वरिष्ठ अधिकारी, जोखीम विभाग (सध्या अभिलेख कक्ष, तळघर). नोकरीची वर्षे सत्तावीस.

विषय : आमच्या बँकेकडे तारण असलेल्या कागदाच्या साठ्याची वरून, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणी करण्यासाठी एक माणूस शिडीसह तातडीने पाठविण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, ज्यास उत्तर मिळाले. २) दुसरा अर्ज, जो बँकेकडेच परत आला. ३) तिसरा अर्ज, ज्याचे पुढे काय झाले ते अर्जदारास ठाऊक नाही.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, या अर्जात अर्जदाराने स्वतःचा उल्लेख सर्वत्र ‘अर्जदार’ असाच केला आहे. दुसऱ्या अर्जात ‘मी’ हा शब्द एकोणीस वेळा आल्याने तक्रार वैयक्तिक वाटते, असे आमच्या महाव्यवस्थापकांनी मोजून दाखवले होते.

२. आमची बँक मोठी नाही. चौतीस शाखा आणि सहाशेच्या आत माणसे. ठेवीदार म्हणाल तर शिक्षक, किराणा दुकानदार, बसचालक, नर्स, निवृत्त कारकून. यांना व्याजातला पाव टक्का बरोबर कळतो, पण ताळेबंद कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. ताळेबंद कळणारे कोणीतरी वर बसले आहे आणि ते आपल्या वतीने पाहते आहे, एवढ्या भरवशावर ही माणसे निश्चिंत असतात. ते कोणीतरी म्हणजे आपला विभाग.

३. आपल्या विभागातर्फे नऊ वर्षे ओळीने एकच तपासनीस आमच्याकडे येत असत. बँकेत त्यांना सगळे ‘शिडीवाले साहेब’ म्हणत. दरवर्षी तीन आठवडे त्यांचा मुक्काम असे. शटर उघडायच्या आधी दारात हजर, हातात स्वतःच्या चहाचा थर्मास. बँकेचा चहा त्यांनी नऊ वर्षांत एकदाही घेतला नाही. तारण माल पाहायला गेले की गोदामात पाऊल टाकताच पहिले वाक्य ठरलेले : “शिडी आणा.” गोदामवाला म्हणे, साहेब, समोर तर सगळा माल दिसतोय. त्यावर ते म्हणत, “समोरची रांग कुणीही लावतं. मागं काय आहे ते मला बघू द्या.” आणि बूट काढून, मोज्यांवर, ते वर चढत.

त्यांच्या तीन आठवड्यांचा परिणाम उरलेले एकोणपन्नास आठवडे टिकत असे, हे अर्जदाराने जवळून पाहिले आहे. कर्ज विभागप्रमुखांवर संचालकांचा दबाव आला की ते दोन्ही हात वर करून म्हणत, “माझी काहीच अडचण नाही हो, पण उद्या शिडीवाले विचारतील तेव्हा मी काय सांगू?” या एका वाक्याने किती वाईट कर्जे उंबऱ्यावरूनच परत गेली, त्याची मोजदाद कोठेही झालेली नाही. न दिलेल्या कर्जाची नोंद कोण ठेवतो?

४. तथापि दुसरी बाजूही नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजते. त्या नऊ वर्षांत बँकेचा नफा बेताचाच राहिला. भीतीपोटी चांगली कर्जेही नाकारली गेली. काचेच्या बरण्या बनवणारे एक गृहस्थ होते. वीस वर्षांचा धंदा, एकही हप्ता चुकलेला नाही. नव्या भट्टीसाठी कर्ज मागायला आले, पण जागेच्या कागदांत एक जुनी सही कमी होती. शिडीवाल्यांनी नको म्हटले नव्हते, त्यांना कुणी विचारलेच नव्हते. आम्हीच घाबरून फाइल बाजूला ठेवली. त्या नोंदीवर सही अर्जदाराची आहे. भट्टी दीड वर्षात थंड झाली आणि बावीस कामगार घरी बसले. पुढे प्रत्येक सभेत अध्यक्ष त्यांचेच उदाहरण देत : “या तपासणीनं धंद्याचा गळा घोटलाय.” त्यात तथ्य नव्हते असे अर्जदारास म्हणता येत नाही.

५. चार वर्षांपूर्वी शिडीवाले साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी येईल म्हणून आम्ही खुर्ची पुसून ठेवली होती. माणसाऐवजी पोर्टल आले. यापुढे बँकेने दरमहा स्वतःच दोनशे चौदा रकान्यांचे विवरण भरावे, त्यावरून बँकेची जोखीम यंत्र ठरवील, आणि हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागेल, असे परिपत्रक होते. हे विवरण भरण्याचे काम अर्जदाराकडे आले.

पहिले सहा महिने सर्वजण पूर्वीसारखेच वागले. मग एके दिवशी कर्ज विभागप्रमुखांनी सवयीने हात वर केले, “शिडीवाले विचारतील,” म्हणाले, आणि सगळी खोली हसली. तेही हसले. त्या दिवसापासून आमची बँक बदलली, असे अर्जदाराचे मत आहे.

६. त्यानंतरची तीन वर्षे बँकेची भरभराट झाली. कर्जवाटप दुप्पट, नफा अडीचपट. बाहेरचा एक सल्लागार नेमला गेला. कोणत्या रकान्यात कोणता आकडा टाकला की दिवा हिरवा राहतो, एवढेच त्याला येत असे आणि तेवढ्याचाच त्याला पगार होता. बँकेला ढाल मिळाली, अध्यक्षांचा सत्कार झाला. कर्मचाऱ्यांना बोनस मिळाला. अर्जदारानेही तो घेतला आणि घरात नवा फ्रिज आणला. दुसऱ्यांकडे बोट दाखवताना हे लपवणे बरे दिसणार नाही.

७. या भरभराटीत एका कागद व्यापाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा होता. शिडीवाल्यांच्या काळात त्याचे एकच, मध्यम कर्ज होते. पुढे त्याची सात कंपन्यांच्या नावे सात कर्जे झाली. एका माणसाला किती द्यावे यावर मर्यादा असते, म्हणून सात नावे. त्यांतल्या पाच कंपन्यांचा दूरध्वनी क्रमांक एकच आहे. उरलेल्या दोन्हींचे क्रमांक वेगळे आहेत, पण फोन उचलणारा माणूस तोच. बँकेच्या एकूण कर्जातला जवळजवळ चौथा हिस्सा या सात नावांवर आहे, आणि त्याला तारण म्हणून कागदाची रिळे आहेत.

चौदा महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी अकराला, अर्जदार त्या गोदामावर गेली. मालधक्क्याच्या पलीकडे, पत्र्याचे उंच छप्पर. दार सरकवताच समोर रिळांची भिंत. एकेक रीळ माणसाच्या छातीइतके उंच, तपकिरी वेष्टनात, आणि प्रत्येकावर आमच्या बँकेची चिठ्ठी. रखवालदार म्हातारा आणि बोलका होता. म्हणाला, “मोजा बाई. समोरून मोजा, बाजूनं मोजा, कुठूनही मोजा.” अर्जदाराने मोजले. लांबीत तीस, रुंदीत अठ्ठावीस, उंचीत पाच. चार हजार दोनशे. रजिस्टरवरही चार हजार दोनशे. गुणाकार चोख होता.

अर्जदार निघालीच होती. दारापर्यंत आली आणि का कोण जाणे, मागे वळून म्हणाली, “शिडी आहे का?”

रखवालदाराचा चेहरा उतरला. “शिडी? हल्ली कुणी मागत नाही बाई.”

शेजारच्या वीजकामाच्या दुकानातून शिडी आणली. अर्जदार बावन्न वर्षांची आहे आणि तिला उंचीची भीती वाटते. चपला काढून, एकेक पायरी चाचपत ती वर गेली आणि शेवटच्या पायरीवरून आत डोकावली. आत माल नव्हता. रिळांची एकच रांग चारी बाजूंनी कडेने लावली होती, फटी आतून काळ्या प्लास्टिकने बुजवल्या होत्या, आणि मधोमध एखाद्या शाळेची प्रार्थना भरावी एवढी मोकळी जागा. तिथे चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सायकल, दोरीवर वाळत घातलेले तीन शर्ट. बाजेवर एक माणूस तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपला होता. चाहूल लागली तसे त्याने वर्तमानपत्र बाजूला केले, वर पाहिले आणि अगदी अदबीने विचारले, “कोण पाहिजे?”

अर्जदाराने डोके मागे घेतले. ती खाली उतरली. कडेची रिळे तिने पुन्हा मोजली : पाचशे साठ.

८. त्याच दुपारी अर्जदाराने महिन्याचे विवरण भरायला घेतले. रकाना एकशे सत्त्याऐंशी : ‘तारण साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी समाधानकारक झाली काय?’ तिने ‘नाही’ निवडले. यंत्राने लिहिले : ‘कृपया पडताळणी पूर्ण करून पुन्हा प्रयत्न करा.’ ‘नाही’ निवडून पुढे जाताच येत नव्हते. नाइलाजाने ‘होय’ निवडून तिने पुढच्या रकान्यात साठ्याची टक्केवारी शंभरऐवजी तेरा टाकली. यंत्राने विचारले : ‘ही संख्या मागील महिन्याशी जुळत नाही. मागील महिन्याची संख्या कायम ठेवावी काय?’ खाली दोन बटणे होती, ‘होय’ आणि ‘नंतर’. शेवटी अभिप्रायाच्या चौकटीत, जिथे तीनशे अक्षरे मावतात, तिने लिहिले : ‘गोदाम आतून पोकळ आहे. चार हजार दोनशेपैकी पाचशे साठ रिळे आहेत. बँक गंभीर धोक्यात आहे. कृपया माणूस पाठवा.’

चौथ्या मिनिटाला उत्तर आले : ‘आपले विवरण मुदतीच्या आठ दिवस आधी प्राप्त झाले. वक्तशीरपणाबद्दल अभिनंदन.’ शेजारी हिरवा दिवा होता.

९. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने महाव्यवस्थापकांची भेट घेतली. हे गृहस्थ कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पाणी मागवले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतोय, की हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?”

अर्जदार म्हणाली, “विचारायला कुणी येतच नाही, साहेब.”

“मग झालं तर. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं. आज दिवा हिरवा आहे. तुमच्या सांगण्यावरून मी तो लाल करू? परवा सकाळी चौतीस दारांत रांगा लागतील. त्या रांगेत तुमचे-माझे लोक असतील. ज्याचा नंबर उशिरा लागेल त्याला काही मिळणार नाही. घेता जबाबदारी? घेत असाल तर लिहून द्या, मी आत्ता सही करतो.”

त्यांनी कोरा कागद खरोखरच पुढे सरकवला. अर्जदाराने तो घेतला नाही. त्या क्षणी का घेतला नाही, याचा विचार ती चौदा महिने करत आहे.

पंधरवड्यात तिची बदली तळघरातील अभिलेख कक्षात झाली. तिथे बंद झालेल्या खात्यांचे कागद दोरीने बांधून रचून ठेवायचे असतात. पोर्टलचा पासवर्ड काढून घेण्यात आला.

१०. पासवर्ड काढून घेतला, पण नाव नाही. हे अर्जदारास सात महिन्यांनी कळले, तेही आपल्याच विभागाकडून. टपालाने एक जाड, गुळगुळीत कागद आला. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘वर्षातील उत्कृष्ट विवरण सादरकर्ती’ आणि खाली अर्जदाराचे पूर्ण नाव होते. सोबत बारा विवरणांची यादी. प्रत्येकाच्या अखेरीस प्रतिज्ञा : ‘सदर साठा मी स्वतः जागेवर जाऊन पाहिला असून तो पूर्ण आहे.’ यांतल्या सात प्रतिज्ञा बदलीनंतरच्या आहेत. एक तर ज्या दिवसाची आहे, त्या दिवशी अर्जदार मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी बांधून रुग्णालयात पडून होती. शाखेतल्या सहकाऱ्यांनी पेढे मागितले. अर्जदार हसली. काय करणार?

११. यानंतर अर्जदाराने आपणांस तीन अर्ज केले. पहिल्यास ‘तक्रार बँकेमार्फत सादर करावी’ असे उत्तर आले. दुसरा आपल्या विभागाने ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ आमच्या बँकेकडे पाठवला. महाव्यवस्थापकांनी अर्जदाराला वर बोलावून तो तिच्यासमोर शांतपणे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. ‘मी’ मोजले ते त्याच वेळी. वाचून झाल्यावर चष्मा काढत म्हणाले, “अक्षर सुंदर आहे तुमचं.” यापेक्षा ते रागावले असते तर बरे झाले असते. तिसऱ्या अर्जाबाबत काहीच कळले नाही.

१२. अखेर अर्जदार शिडीवाले साहेबांना भेटायला गेली. ते आता मुलीकडे असतात, दुसऱ्या मजल्यावर. दुपारचे चार वाजले होते. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून ते खिडकीपाशी बसले होते. अर्जदाराला वाटले होते, ते ताडकन उठतील, जुन्या ओळखीच्या कुणाला तरी फोन लावतील. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, “वर चढून पाहिलंत?”

“पाहिलं.”

“स्वतः?”

“स्वतः.”

त्यांनी गुडघ्यावरचा एक पट्टा सैल केला. मग म्हणाले, “त्या गोदामात मी नव्हतं पाहिलं. शेवटचं वर्ष होतं. शिडी त्यांनी आणली, लावलीसुद्धा, पण गुडघे वर जाऊ देईनात. मी खालूनच म्हटलं, ठीक आहे. सही करताना माझा हात जराही अडखळला नाही बघा. नऊ वर्षं लोक मला घाबरत होते ना, मला वाटलं, त्या धाकानंच माल जागेवर असेल.”

मुलीने चहा आणला. त्यांनी तिच्याकडून कागद मागून घेतला आणि हे सर्व स्वहस्ते लिहून, तारीख घालून, सही करून दिले. म्हणाले, “पेन्शन थांबवतील कदाचित. थांबवू देत.” तो कागद सोबत जोडला आहे. अर्जदार जिना उतरत होती, तेव्हा वरून त्यांच्या मुलीचा रडका, चिडलेला आवाज येत होता.

१३. येथवर जे लिहिले ते बँकेचे. आता जे लिहायचे आहे ते लिहिताना अर्जदाराची लेखणी दोनदा थांबली.

अर्जदाराची थोरली बहीण सरकारी रुग्णालयात तेहतीस वर्षे नर्स होती. लग्न केले नाही. आई गेल्यावर अर्जदाराचे शिक्षण तिनेच केले. निवृत्तीची सगळी रक्कम हातात आली तेव्हा तिने विचारले, “कुठे ठेवू गं?” अर्जदार म्हणाली, “आमच्याकडेच ठेव ताई. आमच्यावर लक्ष ठेवायला माणसं आहेत.” हे वाक्य बोलले गेले तेव्हा ती माणसे येणे बंद होऊन दोन वर्षे झाली होती. जिभेला जुनी सवय होती, एवढेच.

दोन महिन्यांपूर्वी बहिणीने फोन केला. पाठीच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. म्हणाली, “अगं, वॉर्डातल्या जुन्या बायका काहीबाही बोलतायत. तुमची बँक एवढं व्याज कसं देते म्हणे. काढून घेऊ का पैसे आत्ताच? तू सांग, तुला आतलं कळतं.”

बँकेची अंतर्गत माहिती बाहेर न सांगण्याची शपथ अर्जदाराने सत्तावीस वर्षांपूर्वी घेतली आहे. शिवाय आपल्या माणसाला आधी सांगून इतरांना अंधारात ठेवणे म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांत आणि आपल्यात फरक तो काय, असेही तिच्या मनात आले. शिवाय तिसरा अर्ज आपल्याकडे प्रलंबित होता. आज ना उद्या माणूस येईलच, असे तिला वाटत होते. या तीन कारणांनी अर्जदार म्हणाली, “राहू दे ताई.”

“बरं,” बहीण म्हणाली, आणि डब्यात काय केले आहेस ते विचारू लागली.

१४. गेल्या तीन आठवड्यांत तळघरात जे दिसले, त्यामुळे हा चौथा अर्ज करणे भाग पडले आहे. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवींचे कागद दर शनिवारी अर्जदाराकडे येतात. पहिल्या शनिवारी त्यांत अध्यक्षांच्या सुनेची ठेव होती. दुसऱ्या शनिवारी दोन संचालकांच्या पत्नी, कर्ज विभागप्रमुखांचे सासरे, सल्लागाराची कंपनी. गेल्या शनिवारी अशा अकरा ठेवी. मुदत मोडण्याचे कारण लिहावे लागते. सर्व कागदांवर कारण एकाच हस्ताक्षरात लिहिले आहे. लिहिणाऱ्याला घाई झाली असावी, कारण महाव्यवस्थापकांच्या मातोश्रींच्या कागदावर, ज्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे, ‘उच्च शिक्षणासाठी परदेशगमन’ असे लिहिले आहे.

त्याच आठवड्यात बँकेने ठेवींवरचे व्याज आणखी वाढवले आणि बसथांब्यांवर नवे फलक लावले. फलकावर हसरे आजी-आजोबा आहेत. शाखांना तोंडी सूचना आहे की मोठी रक्कम काढायला कोणी आले तर ‘आज सिस्टीम मंद आहे’ असे सांगावे. तळघरातल्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. पैसे भरायला आलेले पाय आणि काढायला आलेले पाय अर्जदाराला आता ओळखू येतात. वर मात्र दिवा अजून हिरवाच आहे.

१५. सबब, अर्जदाराची हात जोडून विनंती की,
(अ) हा अर्ज मिळताच एक जबाबदार माणूस शिडीसह सदर गोदामावर पाठवावा. वीजकामाच्या दुकानातली शिडी मिळू शकते, दुकानदाराशी बोलणे झाले आहे.
(ब) पोर्टलवरील एकशे सत्त्याऐंशी क्रमांकाच्या रकान्यात ‘नाही’ हे उत्तर स्वीकारले जाईल अशी तजवीज करावी.
(क) वरून कोणी येऊ शकत नसेल, तर तसे दोन ओळींत कळवावे, म्हणजे अर्जदार बहिणीला खरे सांगायला मोकळी होईल.

कळावे. उत्तराची वाट पाहत,

अर्जदार
(सही)
दिनांक : १९, गुरुवार

सोबत : १) गोदामातील मोजणीचा कच्चा कागद. २) ‘उत्कृष्ट विवरण सादरकर्ती’ प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. ३) शस्त्रक्रियेच्या दिवसाचे रुग्णालयाचे प्रमाणपत्र. ४) निवृत्त तपासनिसांचे स्वहस्ताक्षरातील निवेदन.

पुरवणी (हस्तलिखित, त्याच दिवशी, दुपारी पाऊण ते दीड)

महोदय, हा अर्ज टपालावर न सोपवता अर्जदार आज रजा टाकून स्वतः आपल्या कार्यालयात घेऊन आली. तळमजल्यावर आवक खिडकीवरच्या कर्मचारी बाईंनी पाकिटावर बँकेचा शिक्का नसल्याने ते परत केले. अर्जदाराने खूप विनवले तेव्हा त्या म्हणाल्या, “बसा बाकावर. जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या बाईंना विचारते.”

बाकावर बसली असताना शाखेतल्या रोखपालाचा फोन आला. मागे खूप आवाज होता. तो म्हणाला, “मॅडम, दारावर नोटीस लागलीय. माणशी ठरावीक रक्कम, त्याच्यावर एक पैसा नाही. सहा महिने. लोक काच फोडतायत.” नोटीस त्याने वाचून दाखवली. आदेश आपल्या सहीचा आहे आणि तारीख कालची. त्यात म्हटल्याप्रमाणे सातही कंपन्यांचे हप्ते एकाच दिवशी थांबल्यामुळे यंत्राचा दिवा लाल झाला. म्हणजे पाहण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा तो लाल झाला. आदेशाचा चौथा परिच्छेद असा : ‘साठ्याबाबत खोट्या प्रतिज्ञा सादर करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई करण्यात येईल.’ कंसात अर्जदाराचे नाव आहे. दुसऱ्या कुणाचे नाही. रोखपालाने ते वाचायचे टाळले होते. अर्जदाराने आग्रह धरला म्हणून वाचले.

त्यानंतर दहा मिनिटांनी बहिणीचा फोन आला. म्हणाली, “अगं, टीव्हीवर दाखवतायत. तू आहेस कुठे? तुला कुणी काही केलं नाही ना? जेवलीस का?” शस्त्रक्रियेचा शब्दही तिने काढला नाही. सगळे नव्यानेच कळल्यासारखे करणे सोपे होते. तीही तसेच समजत होती.

अर्जदार म्हणाली, “ताई, मला माहीत होतं.”

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मग तिने विचारले, “कधीपासून?”

“चौदा महिने.”

बहिणीने फोन ठेवला. अर्जदाराने दोनदा लावून पाहिला. तिने उचलला नाही.

सबब, वरील विनंती अ, ब आणि क आता मागे घेण्यात येत आहेत. त्यांऐवजी एकच विनंती आहे. आपण करणार असलेल्या चौकशीत पहिला जबाब अर्जदाराचा घ्यावा. खोट्या प्रतिज्ञांबद्दल तिला जे सांगायचे आहे ते जोडलेल्या कागदांत आहेच. परंतु ‘राहू दे’ या दोन शब्दांबद्दलही तिला प्रश्न विचारावा, आणि तो विचारला जात असताना ठेवीदारांच्या वतीने तिच्या थोरल्या बहिणीला समोरच्या खुर्चीत बसू द्यावे. बहिणीचा पत्ता आणि फोन पाठीमागे लिहिला आहे. बोलावणे आपल्या कार्यालयाकडून गेले तर ती येण्याचा संभव आहे. अर्जदाराने बोलावले तर ती येईल, असे आता सांगता येत नाही.

जेवणाची सुट्टी संपली आहे. खिडकी उघडलेली नाही. आपल्या इमारतीतून बाहेर पडणाऱ्यांपैकी काहीजण अर्जदाराकडे वळून पाहत आहेत. बातमीत तिचा फोटो आला असावा.

तळमजला, आवक खिडकीसमोरचा बाक, येथे हजर असलेली आणि जबाब होईपर्यंत येथून न हलणारी,

अर्जदार
(सही)